जहाज येईपर्यंत

ऑफिसात तिला सगळे घड्याळवाली म्हणत. तिच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, आणि वेळेवर येण्याबद्दल तर तिची अजिबात ख्याती नव्हती. तिचं काम होतं लोकांना वाट पाहायला लावणं. कंपनी एक ऑनलाइन खेळ चालवायची. एक बंदर, समोर समुद्र, समुद्रात बेटं, आणि प्रत्येक बेटावर काहीतरी शोधायचं, बांधायचं, पकडायचं. कुठलं झाड किती वेळाने फळ देणार, फुटलेली होडी दुरुस्त व्हायला किती वेळ लागणार, बेटावर नेणारं जहाज धक्क्याला कधी लागणार, हे सगळं ती ठरवायची. वाट फार कमी ठेवली तर हाती आलेल्या वस्तूचं माणसाला काही वाटत नाही, फार ठेवली तर तो शिव्या घालून निघून जातो. या दोन टोकांच्या मधली जागा आपल्याला अचूक सापडते, असा तिचा पक्का समज होता. तिच्या पगाराचाही तोच समज होता.

जहाजाचा प्रश्न मात्र जुना होता. खेळ नवीन होता तेव्हा कंपनीची यंत्रं हळू चालत. बेट तयार करायला त्यांना वेळ लागे, आणि तोवर खेळाडूंना कुठेतरी बसवून ठेवायला हवं, म्हणून हा धक्का काढला होता. चार बाक, एक दिवा, दोरखंडांची रास, आणि खाली ज्याला जे वाटेल ते लिहायला एक पट्टी. पुढे यंत्रं सुधारली. बेट पापणी लवायच्या आत तयार होऊ लागलं, तरी जहाज आपलं जुन्याच चालीने रमतगमत यायचं. खेळाडू तक्रारी करायचे, बॉस त्या तक्रारी तिच्याकडे ढकलायचा. धक्का काढून टाकावा, बंदरावर पाऊल ठेवलं की माणूस थेट बेटावर, असा प्रस्ताव शेवटी तिनेच मांडायचं ठरवलं.

पण त्या ऑफिसची एक रीत होती. खेळातली एखादी गोष्ट काढायची असेल, तर जो प्रस्ताव मांडणार त्याने आधी काही आठवडे साधा खेळाडू होऊन तिथे बसायचं. नाव खोटं, सोंग खोटं. याला ते 'वेष घेणं' म्हणत. वेषाचे नियम थोडके होते. आपण कोण ते सांगायचं नाही. कुणाला खोदून खोदून विचारायचं नाही. आणि ओळखीचं माणूस भेटलं, तर तिथल्या तिथे उठायचं आणि बॉसला कळवायचं. हा शेवटचा नियम आजवर कुणाला लागलाच नव्हता. एवढ्या गर्दीत ओळखीचं कोण कशाला भेटतंय, म्हणून सगळे त्याची थट्टा करत.

घड्याळवालीने निळी छत्री घेतलेल्या बाईचं सोंग घेतलं आणि रोज दुपारी, जेवणाचा डबा पुढ्यात उघडून, ती धक्क्यावर बसू लागली. पहिले काही दिवस तिने नुसत्या जांभया दिल्या. माणसं यायची, 'किती वेळ आहे अजून' असं लिहायची, जहाज आलं की उड्या मारत चढायची. मग तिच्या ध्यानात आलं की तिघंजण असे आहेत की जहाज लागतं, भोंगा होतो, आणि तरी ही मंडळी बाकावरून हलत नाहीत. पुढच्याने जाऊ, म्हणतात. पुढचंही सोडतात. तिच्या तक्त्यांत अशा माणसांसाठी रकाना नव्हता.

एक होता तिरका कप्तान. तो मालट्रक चालवायचा आणि गोदामासमोर माल उतरेपर्यंत फोनवर हा खेळ खेळायचा. बायको त्याच्याशी धड बोलत नव्हती, आणि ते तो विनोद करून सांगायचा. दुसरी होती झोपाळू अस्वल. ती रुग्णालयात नर्स होती, आणि पाय वर करून बसायला मिळेल तेवढ्यापुरती यायची. आणि तिसरी होती खडूस म्हातारी. तिने हे नाव स्वतःच घेतलं होतं, आणि नावाला जागायचा ती आटोकाट प्रयत्न करायची, पण तिला ते जमत नसे. ती लिहायला लागली की नवे खेळाडूसुद्धा जहाज विसरायचे. शर्टांच्या कारखान्यात असताना मुकादमाने आपली विजार दुरुस्तीला दिली, तेव्हा बायकांनी तिचे खिसे आतून कसे शिवून टाकले, आणि मग शिस्तीवर भाषण देताना तो बिचारा दिवसभर खिशात हात घालायची धडपड कशी करत राहिला, हे तिने असं काही रंगवून सांगितलं की घड्याळवालीला ऑफिसात बसल्या जागी ठसका लागला. शेजारच्या चित्रकाराने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि धक्क्याचं एवढं हसण्यासारखं काय आहे, असं विचारलं. तिने काही नाही म्हणून सांगितलं.

घरी तिला असं हसायला फारसं मिळत नव्हतं. घरात ती आणि आई, दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई कारखान्यातून निवृत्त झाली आणि हळूहळू अबोल होत गेली. घड्याळवाली कामावरून यायची, दिवसभराचं काहीबाही सांगायची, आणि आई एकतर भलतंच उत्तर द्यायची किंवा भिंतीकडे बघत बसायची. टीव्ही मात्र अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल एवढा मोठा. मग हिचा पारा चढायचा. लक्ष कुठे असतं तुझं, मी काय भिंतीशी बोलते का, असं दोनचारदा झाल्यावर दोघींचं बोलणं जेवलीस का, दार लाव, दूध संपलं, एवढ्यावर आलं होतं. आईला विरंगुळा म्हणून तिने आपल्या जुन्या टॅब्लेटवर कंपनीचा खेळ टाकून दिला होता. आईने नाक मुरडलं होतं. असले पोरखेळ मला नकोत, म्हणाली, आणि टॅब्लेट कपाटात ठेवून दिला. निदान घड्याळवालीला तसं वाटलं.

एका दुपारी धक्क्यावर घरातल्या दुरुस्त्यांची गोष्ट निघाली. म्हातारीने लिहिलं, "आमचा स्वयंपाकघरातला नळ गळतो. टपटप आवाजाने मुलीचं डोकं उठतं. म्हणून मी तिची शाळेतली लाल रिबीन नळाला बांधली आहे. थेंब रिबिनीवरून घसरत जातो, आवाज होत नाही."

कप्तानाने विचारलं, प्लंबर का नाही बोलावत.

"बोलावलाय. त्याची वाट बघतेय. तो तुमच्या या जहाजापेक्षाही सावकाश येतो."

बाकीचे हसले. घड्याळवालीचा घास तोंडातच राहिला. त्या रिबिनीवर तिने सकाळीच नाक मुरडलं होतं. हे काय गबाळं बांधून ठेवलंस, असंही म्हणाली होती, आणि आई काही न बोलता सिंकपाशी उभी राहिली होती.

नियम सरळ होता. उठायचं आणि बॉसला कळवायचं. ती उठली नाही. आज एकदम गेले तर बरं दिसणार नाही, उद्या उठू, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला आईने कारखान्यात लपवून ठेवलेल्या मांजरीची उरलेली अर्धी गोष्ट ऐकायची होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी. खरं म्हणजे तिला हावच सुटली होती. आपली आई इतकी गमतीची आहे, चार अनोळखी माणसं तिच्या वाक्याची वाट बघत बसतात, आणि आपल्याच घरात तिच्या तोंडून शब्द काढणं मुश्कील, हे तिला सहन होत नव्हतं. आधी राग आला, मग मत्सर वाटला, आणि या दोन्हींखाली कुठेतरी शरम होती. त्या शरमेकडे तिने मुद्दाम कानाडोळा केला.

मग तिने दुसराही नियम मोडला. दुपार जरा निवांत होती, कप्तान अजून यायचा होता. छत्रीवाल्या बाईच्या तोंडून तिने आईला विचारलं, घरी मुलीशी बोलता का तुम्ही?

 मग एकामागून एक ओळी येत गेल्या.

"मुलगी कामावरून येते ती बोलतच येते. चपला काढता काढता, पाठमोरी, फ्रिजमध्ये डोकं घालून. मला नुसती भुणभुण ऐकू येते. माझा डावा कान गेलाय, साफ. बटणं ठोकायचं यंत्र उभी हयात माझ्या डाव्या हाताला होतं. आधी मी विचारायचे, काय म्हणालीस? दुसऱ्यांदा विचारलं की तिचा चेहरा असा काही होतो, की जाऊ दे म्हणते मी. तिला वाटतं मी फुगून बसले आहे. वाटू दे. बहिरी वाटण्यापेक्षा ते बरं."

झोपाळू अस्वलाने, नर्सच ती, लगेच लिहिलं की कान तपासून घ्या, हल्ली सोय असते, मुलीला सांगून टाका.

"तिला सांगितलं की ती मला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेईल, आणि डॉक्टरशी माझ्याबद्दल माझ्यासमोर हळू आवाजात बोलेल. जाईन मी, माझी मी जाईन. पण अजून धीर होत नाही. इथे बरं आहे. घरी माझ्याशी बोलणारं माणूस नेहमी निघालेलं असतं. इथे जहाज येईपर्यंत कुणाला कुठे जायचं नसतं. हे आपल्यातच ठेवा हं, छत्रीबाई."

छत्रीबाईने लिहिलं, ठेवते. आणि मग घड्याळवाली ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. आईशी ती ज्या आवाजात बोलली होती, तो एकेक आवाज तिला आता ऐकू येत होता. तेव्हाच घरी जाऊन आईच्या पायाशी बसली असती आणि सगळं सांगून टाकलं असतं, तर फार तर एक भांडण झालं असतं. पण सांगायचं म्हणजे आपण इतके दिवस काय करत होतो तेही सांगणं आलं. ते तिच्याने होईना.

प्रस्तावाची बैठक जवळ आली. घड्याळवालीने घूमजाव केलं. धक्का ठेवावा, असं तिने मांडलं, आणि बैठकीत सगळे तिच्याकडे बघत राहिले. बॉसने विचारलं, काल-परवापर्यंत तूच नको म्हणत होतीस ना? वाट पाहिल्याने बेटाची मजा वाढते असं म्हणायचंय का? चित्रकार म्हणाला, मजा कसली, वाट पाहून पाहून माणूस बेटावर पोहोचतो तेव्हा त्याला कंटाळा आलेला असतो. त्यावर बरीच वादावादी झाली. कुणी म्हणालं, भूक लागल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. कुणी म्हणालं, ताटावर बसवून उपाशी ठेवणं म्हणजे भूक लावणं नव्हे. घड्याळवाली म्हणाली की आपण सगळेच चुकीच्या जागी बघतोय. वाट पाहिल्याने बेट गोड लागतं की कडू, हा प्रश्नच नाही. काही माणसांना बेटावर जायचंच नाही. त्यांना वाट पाहायला मिळते, म्हणून ती येतात.

कशावरून, असं बॉसने विचारलं. तिच्याकडे आकडे थोडे होते. बॉस पेन बंद करू लागला. धक्का जाणार हे तिला दिसलं, आणि धक्का गेला तर आईला बोलायला पृथ्वीच्या पाठीवर दुसरी जागा नाही हेही दिसलं. तेव्हा तिने ते वाक्य काढलं. घरी माझ्याशी बोलणारं माणूस नेहमी निघालेलं असतं, इथे जहाज येईपर्यंत कुणाला कुठे जायचं नसतं. जसंच्या तसं, एक शब्द न बदलता.

 कुणाचं हे, असं बॉसने हळूच विचारलं. एका खेळाडूचं, असं ती म्हणाली. बॉसने ते वाक्य पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि धक्का ठेवायचा, म्हणाला. चित्रकाराने पाठीवर थाप मारली. वेष घ्यावा तर हिने, असंही कुणीतरी म्हणालं. ती हसली, पण फळ्याकडे तिला बघवत नव्हतं. आईने आपल्यातच ठेवायला दिलेली गोष्ट तिथे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे टांगलेली होती, आणि तिच्याबद्दल शाबासकी हिला मिळत होती. आईसाठीच केलं, असं तिने मनाला दहादा बजावलं. मन काही ऐकेना.

घरी तिने प्रायश्चित्त म्हणून असेल, पण वागणं बदललं. आता ती आल्या आल्या बोलत नसे. आधी हातपाय धुवायची, मग आईच्या समोर येऊन, उजव्या बाजूची खुर्ची ओढून बसायची, आणि मग सावकाश बोलायची. फ्रिजमध्ये डोकं घालून बोलणं बंद. टीव्हीचा आवाज मोठा असला तरी कपाळाला आठी नाही. आणि आई खुलायला लागली. एका संध्याकाळी तिने चक्क मुकादमाच्या विजारीची गोष्ट सांगितली, आणि घड्याळवाली ती पहिल्यांदा ऐकतेय असं दाखवून हसली. खरंच हसू आलं होतं, पण ते दाखवावंही लागलं होतं, आणि त्या रात्री तिला स्वतःचा वीट आला. तरी आपण बरं करतोय, हळूहळू आई आपणहून कानाचं सांगेल, मग सगळं मिटेल, असं तिने धरून ठेवलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन आली, तेव्हा आई नेहमीच्या जागी नव्हती. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला लागून बसली होती. घड्याळवालीने कप ठेवले आणि आपल्या रोजच्या खुर्चीत बसली. मग तिच्या लक्षात आलं की या खुर्चीतून आपण आईच्या डाव्या अंगाला येतो. ती उठली, कप उचलला, टेबलाला वळसा घालून पलीकडच्या स्टुलावर जाऊन बसली. विचार न करता. हात आपोआप धुवावेत तसं.

आई तिच्याकडे बघत होती.

"का उठलीस?"

"ऊन येत होतं डोळ्यावर."

"पडदा ओढलेला आहे."

घड्याळवालीने पडद्याकडे बघितलं. पडदा खरंच ओढलेला होता. आईने कप हातात धरला, पण प्यायली नाही. गेले काही दिवस मी बघतेय, असं ती शांतपणे म्हणाली. कुठेही बसले तरी तू फिरून या बाजूला येतेस. काल जिन्यातसुद्धा आलीस. माझ्या कानाचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. डॉक्टरलासुद्धा नाही. एका ठिकाणी फक्त लिहिलं होतं.

घड्याळवालीला थोबाडीत बसल्यासारखं झालं. काहीतरी सांगता येईल, अंदाजाने कळलं असं म्हणता येईल, हे तिला सुचत होतं. आईच्या चेहऱ्याकडे बघून तेवढंही धाडस होईना. तिने मान खाली घातली.

"तू तिथे होतीस," आई म्हणाली. "कोण होतीस?"

"आई, ते ऑफिसचं काम..."

"कोण होतीस ते विचारतेय."

"छत्री."

आईने कप खाली ठेवला. तिचा राग घड्याळवालीला ओळखता येत असे. भांडी आपटायची, दार आपटायचं. यातलं काही झालं नाही. आईचा चेहरा लाल होत गेला, कानापर्यंत, आणि घड्याळवालीला भयंकर वाटलं ते हे की आईला लाज वाटत होती. उघडी पडली होती आई. गुन्हा हिचा, आणि शरमेने चूर व्हायची पाळी तिची.

"मला वाटलं होतं," आई म्हणाली, "या वयात एक तरी मैत्रीण मी माझ्या हिमतीवर मिळवली."

घड्याळवाली रडायला लागली. चुकलं माझं, असं म्हणाली. तुझ्याशी बोलायला मिळत होतं म्हणून तिथून उठवेना, असं म्हणाली. धक्का जाणार होता तो मी वाचवला, तेही सांगून टाकलं, आणि कसा वाचवला ते आईने विचारल्यावर फळ्यावरच्या वाक्याचंही सांगावं लागलं. आईने ते सगळं ऐकून घेतलं. मग तिने एकच प्रश्न विचारला. मी आणखी काय काय बोलले होते तुझ्याशी? आणि घड्याळवालीला तिच्या उजव्या बाजूला बसून, सावकाश, स्पष्ट शब्दांत, सगळं परत सांगावं लागलं. वडिलांबद्दलचं, तिला एकटीला वाटणाऱ्या भीतीबद्दलचं, आणि मुलीच्या चेहऱ्याबद्दलचं. आई प्रत्येक गोष्टीला फक्त मान हलवत होती. घड्याळवाली लहानपणीही आईसमोर इतकी कधी रडली नव्हती, आणि आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही.

त्यानंतर आई धक्क्यावर गेली नाही. टॅब्लेट जेवणाच्या टेबलावर पालथा पडून राहिला. कान तपासायला मात्र ती गेली, एकटी. मी येते, असं हिने म्हटल्यावर नको, एवढंच म्हणाली. घरात बोलणं पुन्हा दूध आणि दारावर आलं. फरक एवढाच की आता आईला काय ऐकू येतं आणि काय नाही, हे दोघींना माहीत होतं.

मग एके दिवशी आईनेच विषय काढला. कप्तान आणि ती नर्स काळजी करत असतील, म्हणाली. मी अशी न सांगता नाहीशी होणारी नाही. त्यांना निरोप दे की मी बरी आहे. घड्याळवाली घाईने हो म्हणाली. आई म्हणाली, थांब, पुढचं ऐक. निरोप छत्रीने द्यायचा नाही. तू कोण आहेस ते आधी सांगायचं, मग माझा निरोप.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डबा उघडलाच नाही. धक्क्यावर कप्तान आणि अस्वल होते. छत्री दिसताच दोघांनी म्हातारीची चौकशी केली. तिला काही झालं का, असं अस्वलाने दोनदा विचारलं. घड्याळवालीने लिहायला सुरुवात केली, पुसलं, पुन्हा लिहिलं. वेष उघड करणं म्हणजे पहिला नियमही मोडणं होतं, नोकरीवर बेतू शकलं असतं, पण त्या क्षणी तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मी खेळ चालवणाऱ्या कंपनीत काम करते, असं तिने लिहिलं. म्हातारी माझी आई आहे. तिला माहीत नव्हतं. ती बरी आहे.

 मग कप्तानाने लिहिलं, "म्हणजे माझ्या बायकोबद्दल मी जे सगळं बोललो, तेही कंपनीच ऐकत होती?"

"मी ऐकत होते. हो."

अस्वलाने विचारलं, "तुम्ही आईला आपणहून सांगितलंत, की पकडल्या गेलात?"

घड्याळवालीने हात मांडीवर ठेवले. खोटं लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? तिने लिहिलं, "पकडली गेले."

कप्तान काही न लिहिता निघून गेला. अस्वल राहिली. तिने लिहिलं की म्हातारीला सांगा, आम्ही तिची वाट बघतोय. आणि तुम्ही पुन्हा येऊ नका.

संध्याकाळी घड्याळवालीने आईसमोर बसून निरोप सांगितला, कप्तान उठून गेला तेही लपवलं नाही. ते तुझी वाट बघतायत आई, असं तिने दोनदा म्हटलं. मी तिथे पाऊल ठेवणार नाही, छत्री मी पुसून टाकली आहे, तू जा.

आईने टॅब्लेट सुलटा केला. काचेवरून पदराने धूळ पुसली. क्षणभर घड्याळवालीला वाटलं ती उघडते आहे.

"जाईन म्हणते," आई म्हणाली. "पण तिथे कुणी नवीन येऊन बसलं, माझ्याशी गोड बोललं, तर ती तू नाहीस हे मला कसं कळणार?"

 घड्याळवालीला शपथ घेता आली असती, पण तिच्या शब्दाला आता काय वजन होतं, हे तिला आईइतकंच माहीत होतं. आई थोडा वेळ थांबली, खरंच उत्तराची वाट बघत. मग तिने टॅब्लेट पुन्हा पालथा ठेवला आणि जेवायला वाढते, म्हणाली.